भिंतीवरचा हात

आमच्या घरमालकिणीनं मला जात विचारली नाही. लातुरात भाड्यानं खोली शोधत फिरलेल्या माणसाला याचं मोल लगेच कळेल. त्याआधी मी ज्या ज्या दारात उभी राहिले, तिथली खोली माझं आडनाव ऐकल्याबरोबर 'कालच गेली' व्हायची. पाटी दाराला तशीच लटकलेली आणि खोली गेलेली! त्यात मी नवरा सोडून आलेली बाई, नि सोबत आंधळा बाप. तुमच्यापेक्षा क्लासची पोरं बरी, असं एकानं तोंडावर सांगितलं. पोरं दोन वर्षांत डॉक्टर व्हायला निघून जातात, हक्क सांगत बसत नाहीत म्हणे.

ही म्हातारी मात्र गंजगोलाईपलीकडच्या एका गल्लीत ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"जात नगं सांगू पोरी, म्हैने सांग," म्हणाली. "अकरा म्हैने ऱ्हायचं. अकरा झाले की घर रिकामं करायचं. आठ दिस मी ऱ्हाणार तितं. मंग वाटलं तर पुन्हा ये. हाय कबूल?"

मी हसून 'हाव' म्हटलं. अकरा महिन्यांचं मला काय नवल? माझं पोटच त्यावर चालतं. नोंदणी कार्यालयासमोर एक टायपिंगचं दुकान आहे, तिथं मी दिवसभर भाडेकरार टाइप करते. सगळे मालक अकरा महिनेच सांगतात. अकरा संपले की कागद नवा, माणूस जुनाच. खरं विचाराल तर करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवायलाच लागतो. अकरा हा आकडा कायद्यात कमी आणि लोकांच्या भीतीत जास्त आहे. वर्ष भरू दिलं तर भाडेकरू बूड हलवत नाही, बारा वर्षं भरली तर घरच त्याचं होतं, असं प्रत्येकानं कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. मी टाइप करते, भीती काढायचा धंदा माझा नाही. म्हातारीचं रिकामं करणंही कागदावरचंच असणार, असं मी धरून चालले.

लोक विचारतात, स्वतःचं घर का नाही करत? सरकार तर घरकुल देऊन राहिलंय. देऊन राहिलंय ना, ज्याच्याकडं जागा आहे त्याला! उमरी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले तर म्हणाले, तुम्ही इथं राहत नाही, नाव कसं घ्यायचं. लातूरला विचारलं तर म्हणाले, जागेचा उतारा आणा, घर मंजूर करतो. अहो साहेब, जागा असती तर तुमच्या दारात कशाला आले असते? साहेब हसले. माणूस चांगला होता बिचारा, चहा पाजला.

तर अशा रीतीनं आम्ही त्या दोन खोल्यांत आलो, मी आणि दादा.

दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेत गँगमन होते, हयात उन्हात तापलेल्या लोखंडावर गेली. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आई गेल्यावर ते गावी एकटेच चाचपडत होते, आणि मी नेमकं त्याच सुमारास नवऱ्याचं घर सोडलं. आम्ही दोघं एकमेकांना धरून लातूरला आलो. कोण कुणाला सांभाळत होतं ते विचारू नका.

आंधळ्या माणसाला घर पाठ व्हायला वेळ लागतो. दादांना तीन-चार महिने लागले. चालताना त्यांचा उजवा तळवा भिंतीवरून सरकत जायचा. रोज सकाळी हातापायाला करडीचं तेल चोळायची त्यांची सवय, त्यामुळं हळूहळू भिंतीवर एक काळपट पिवळी रेघ उमटली. खाटेपासून मधल्या दारापर्यंत आणि दारापासून मागच्या मोरीपर्यंत. जिथं वळायचं तिथं ते क्षणभर थांबायचे, म्हणून तिथं ती रेघ जाड झालेली. रेशनच्या यंत्रावर दादांचा अंगठा कधी उमटत नाही, सगळा लोखंडात घासून गेलाय. भिंतीनं मात्र अख्खा हात घेतला. मला त्या रेघेचं फार बरं वाटायचं. एकदा शेजारीण म्हणाली, भिंत किती घाण झालीय, पुसून काढ. मी तिला अशी झापली की ती महिनाभर बोलली नाही.

संध्याकाळी मी दुकानातून यायची. माझी एक टाच घासत चालायची खोड आहे, लहानपणापासून. त्या आवाजावरून दादांना मी गल्लीच्या तोंडाशीच कळायची. कडी वाजवायच्या आत आतून हाक यायची, मान डावीकडं कलती करून मारलेली, "माय, आलीस का?" आमच्याकडं बाप लाडानं लेकीला माय म्हणतो. मी म्हणायची, "आले दादा." बस, एवढंच. नवऱ्याच्या घरी मी आठ वर्षं दार लोटून आत गेले, तिथं कुणी असं विचारलं नव्हतं. मला या जगाकडून दुसरं काही नको होतं. दादांनी या भिंतीला धरून शेवटपर्यंत फिरावं आणि मला रोज ही हाक मारावी, एवढंच हवं होतं.

अकरा महिने भरत आले तसा मी नवा करार टाइप केला आणि म्हातारीकडं सहीला नेला. मी तिला मावशी म्हणायला लागले होते. तिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"कागद खोटं बोलतो पोरी, घर बोलत न्हाई. रिकामं कर."

रिकामं म्हणजे खरोखर रिकामं! भांडी, गाद्या, खाट तर सोडाच, भिंतीतले खिळे काढायला लावले. दाराला लावलेला निळ्या कागदी पताकांच्या तोरणाचा तुकडा काढायला लावला. झाडून काढलेला केर तिनं स्वतः उचलून गल्लीच्या बाहेर नेऊन टाकला. शेवटी पिंपाकडं बोट दाखवून म्हणाली, "हे बी ओत."

आता बोला! लातुरात, जिथं नळ कधी येईल याचा नेम नाही, जिथं बाया पाण्यासाठी पाहुण्यालाही नाही म्हणतात, तिथं ही बाई भरलेलं पिंप ओतायला सांगते.

"डोकं फिरलंय का मावशी?" मी म्हटलं.

"तुझ्या हातानं भरल्यालं हाय. ओत."

मी रागारागानं सगळं तिच्याच तुळशीत ओतलं. निम्मं अंगणातून वाहत गटारीला गेलं. ती शांतपणे बघत उभी होती.

आठ दिवस आम्ही शिरूर अनंतपाळला मावसबहिणीकडं राहिलो. तिचं घर मोठं, माणसं मायेची, पण दादा तिथं एका जागी बसून राहिले. मोरीला जायचं तरी मला हाक. उंबऱ्याला ठेचकाळले, ताटात हात घालताना पाण्याचा तांब्या लवंडला, नि मग जेवायचेच नाहीत. "माझं घर कुठाय गं माय?" असं एकदा लहान लेकरासारखं विचारलं. मी म्हटलं, चार दिवस थांबा, जाऊ आपल्या घरी.

परत आलो तेव्हा घराला चुन्याचा वास येत होता. म्हातारीनं भिंती पांढऱ्याफेक करून टाकल्या होत्या. रेघ गेली होती. दादांनी दारातून आत येऊन सवयीनं उजवा हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"माय, हे घर आपलं न्हवं."

"आपलंच आहे दादा, चुना दिलाय."

"न्हाई. हितं दुसरंच कुणी तरी ऱ्हातंय."

मी हसण्यावारी नेलं. पण त्यांना दार सापडेना. मधलं दार जिथं होतं तिथंच होतं, पण ते त्याच्या एक हात अलीकडंच वळायचे आणि कपाळ आपटून घ्यायचे. आणि खरं सांगते, माझंही तसंच व्हायला लागलं. दिव्याच्या बटणाकडं हात गेला की नुसती भिंत लागायची. डोळ्यांसमोर बटण दिसतंय आणि हात दुसरीकडंच जातोय. जी कडी वर्षभर बोटानं सरकायची ती आता दोन्ही हातांनी ओढावी लागायची. पंधरा-वीस दिवस गेले आणि मग हळूहळू घर आम्हाला वळण द्यायला लागलं. भिंतीवर रेघही पुन्हा उमटू लागली.

मी म्हातारीला एकदा सरळ विचारलं, हे काय खूळ आहे तुमचं? तेव्हा तिनं सांगितलं. तिचं माहेर चाकूरकडचं. बापाचं रान बरंच, त्यातला एक तुकडा एका कुळाकडं होता. म्हणजे जमीन यांची, पण वर्षानुवर्षं कसणारा तो. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन. ती तेव्हा एवढीशी होती.

"साहेब रानात येऊन हुबा ऱ्हायला," ती सांगत होती. "माझ्या बापाकडं कागदाचा ह्यो गठ्ठा. पर बैल सोडले तर ते कुळाच्याच दाराला जायचे गं. बापानं हाका मारल्या, एक बी वळला न्हाई. इहिरीचा रहाट आमच्या गड्याला वडत न्हवता, त्यानं हात लावला की फिरायचा. रानाला त्याची सवय लागली व्हती. लोक म्हंत्यात कायद्यानं जमीन गेली. कायद्यानं न्हाई गेली, सवयीनं गेली."

मला तिच्यासाठी काही रडू आलं नाही. कसणाऱ्याला जमीन मिळाली, बेस झालं! माझ्या आज्यानं जन्मभर दुसऱ्याचं रान कसलं, त्याला कूळ म्हणूनही कुणी लिहिलं नाही. हे मी तिला सुनावलं. वाटलं भडकेल, पण ती मान हलवत म्हणाली, "बरोबर हाय तुझं. म्हणूनच घराला कुणाची सवय लागू देत न्हाई मी."

दुसऱ्या वर्षीही तेच. खिळे, केर, पाणी. या खेपेला मी पाणी आधीच शेजारणीला देऊन टाकलं होतं, तेवढाच शहाणपणा. पण धांदलीत दादांच्या डोळ्यांचे थेंब फडताळात राहिले. ते थेंब चुकले की त्यांचा डोळा ठणकायला लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी मी शिरूरहून एकटीच एसटीनं परत आले. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार आतून लावलेलं होतं. हाक मारायच्या आधी मी सहज खिडकीतून डोकावले.

खोलीत काही नव्हतं, फक्त दादांची खाट असायची तिथं एक खाट. नुकताच चुना दिलेला. आणि म्हातारी भिंतीला धरून चालत होती. डोळे घट्ट मिटलेले. उजवा तळवा भिंतीवरून सरकत होता, चुन्यानं पांढरा झालेला. मधल्या दारापाशी आली तशी क्षणभर थांबली, अगदी दादा थांबतात तेवढीच, आणि वळली. मोरीपर्यंत गेली. तशीच परत आली. खाटेवर बसली, मान डावीकडं कलती केली आणि दाराच्या दिशेनं म्हणाली, "माय, आलीस का?"

आवाज बाईचाच होता, पण हेल दादांचा. माझ्या तोंडातून उत्तर जाता जाता राहिलं.

मग ती उठली. दारापाशी गेली. एक टाच फरशीवर घासत, दोन पावलं आत आली, आणि रिकाम्या खाटेकडं बघून म्हणाली, "आले दादा."

हा मात्र माझा आवाज होता. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येत नाही म्हणतात, मला आला. खिडकीचा गज तापला होता, तो सोडायचंही मला सुचेना. ती पुन्हा खाटेवर जाऊन बसली, डोळे मिटले, नि पुन्हा हाक मारली. मी थेंब न घेताच पळत सुटले. औषधाच्या दुकानातून दुसरी बाटली घेतली नि शिरूरची गाडी धरली.

दादांना सांगितलं तर ते हसले. "एकटी हाय बिचारी. करमत नसंल."

"पण तिला तुमचं चालणं कसं माहीत एवढं?"

"रोज येती की ती दुपारची. तू दुकानात असतीस तव्हा. इचारती, दार कसं सापडतं, लेक आली की काय म्हंता, तिच्या हातचं काय आवडतं. मला वाटलं, गप्पा मारती."

मी दुसरी खोली शोधायला लागले. पंधरा दिवस सुट्टी घेऊन फिरले. पुन्हा तेच, आडनाव सांगितलं की खोली कालच गेली. एकानं तर आडनाव विचारायचेही कष्ट घेतले नाहीत, घरात कुणाचा फोटो लावता एवढंच विचारलं. मग म्हटलं, जाऊ दे, चुलीत गेलं सगळं. एक वेडी म्हातारी परवडली.

तिसऱ्या वर्षी, दहाव्या महिन्यात, दादा मोरीत पडले. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण डॉक्टरांनी बजावलं की यांना आता हलवायचं नाही. गाडी, जिना, खड्डे काही नको. आणि अकरावा महिना तर येऊन ठेपला होता.

दुकानात सगळे मला म्हणाले, बसा की तिथंच. कोण काढतंय? जाऊ दे तिला कोर्टात, म्हातारीच्या हयातीत निकाल लागायचा नाही. खोटं नव्हतं ते. मी स्वतः असे किती भाडेकरू बघितलेत, मालकाच्या उरावर बसलेले. मीही ठरवलं, बसायचं. म्हातारी आली तशी मी दारातच सांगितलं, "दादा हलणार नाहीत."

"नगंच हलवू," ती म्हणाली. "त्यास्नी ऱ्हाऊ दे. माझ्या घरात माझा पाव्हणा म्हणून. तू तेवढी जा. आठ दिस उंबरा वलांडायचा न्हाई, भाईरून हाक बी मारायची न्हाई. मी बघीन त्यांचं सगळं."

मी काही बोलायच्या आत खाटेवरून दादा म्हणाले, "जा माय. आठ दिसाचं तर हाय. भांडण काऊन वाढवतीस? मी हितंच बरा, भिंत हाय मला."

भांडून बसले असते तर पुढं रोजची कटकट, आणि तिनं पाणी तोडलं, वीज तोडली तर अंथरुणावरच्या माणसाचं काय करायचं? मी थेंब कसे घालायचे ते दाखवलं, गोळ्या सांगितल्या आणि सामान बाहेर काढलं. या वेळी केर मी स्वतःच भरून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "शानी गं माझी बाय."

आठ दिवस मी दुकानामागच्या खोलीत काढले. रोज दुपारी गल्लीतून जायची, थांबायची मात्र नाही. एके दिवशी शेंगोळ्यांचा वास आला. मी शेंगोळ्यांत लसूण जास्त घालते आणि तो थोडा जाळते, दादांना तसाच लागतो. तोच जळका वास होता. दुसऱ्या दिवशी दादा हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. न राहवून खिडकीखाली उभी राहिले नि आतून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज आला. एक टाच घासत होती. मी माझ्या पायांकडं बघितलं, ते जागच्या जागी होते.

आठवडा संपला तशी मी सकाळीच सामान घेऊन हजर. टाच घासतच गल्लीत शिरले, मुद्दाम. आतून हाक आली नाही. दार उघडंच होतं. दादा खाटेवर बसले होते, तेल लावून, स्वच्छ सदरा घालून. मी म्हटलं, "आले दादा."

त्यांनी मान डावीकडं कलती केली. ऐकलं. चेहऱ्यावर परक्या माणसासाठी आणतो तशी अदब आली.

"या," म्हणाले. "मालकीणबाई का? बसा की." आणि आत तोंड करून, "माय, बघ गं, मालकीणबाई आल्यात. पाणी आण."

आतून आवाज आला, "आले दादा." म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघून तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. तिच्या डोळ्यांत खुनशीपणा नव्हता. काम नीट झाल्यावर बाई दमते, तशी ती दमलेली दिसत होती.

"ऱ्हा आता अकरा म्हैने," हळू आवाजात म्हणाली. "व्हईल सवय."

भिंतीला चुना दिलेला होता आणि त्यावर नवी रेघ आधीच उमटलेली होती, दादांच्या हाताच्या जरा खाली. दादा तर खाटेवरून उतरलेच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, असं पडल्यावर होतं कधीकधी, माणसं ओळखत नाहीत. असेल. पण दादांना सगळं आठवत होतं. उमरीचं स्टेशन आठवत होतं, आई कुठल्या दिवशी गेली ते आठवत होतं. लेक टायपिंगच्या दुकानात जाते हेही आठवत होतं. फक्त ती लेक मी नव्हते. मी भरवायला बसले की ते हात जोडायचे, "मालकीणबाई, तुमचे लई उपकार, आम्हाला जागा दिलीत." बापानं आपल्याला 'तुम्ही' म्हणणं काय असतं ते कुणी अनुभवू नये. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. रडणंही ऐकू जायला नको, कारण एकदा त्यांनी ऐकलं नि म्हणाले, मालकीणबाईंना काही दुःख दिसतं.

मग मी कंबर कसली. म्हटलं, तिनं सवय लावली ना, मीही लावीन. माझ्याकडं अकरा महिने होते, तिच्याकडं आठच दिवस होते. वॉकर धरून दादा उभे राहायला लागले तसा मी त्यांचा उजवा हात भिंतीवर ठेवायची आणि त्यावर माझा हात. असं आम्ही खाटेपासून दारापर्यंत जायचो, वळायच्या जागी थांबायचो, नि परत. रोज. घर बंद करून दुपारी म्हातारीला येऊ द्यायची नाही, दुकानातून दोन वेळा येऊन जायची. शेंगोळे केले, जळक्या लसणाचे. दादा म्हणायचे, "आमच्या लेकीच्या हातासारखेच झालेत." रोज संध्याकाळी दारात उभी राहून मी "आले दादा" म्हणायची, आणि ते म्हणायचे, "या मालकीणबाई." मी म्हणायची, ठीक आहे, उद्या.

असे महिने गेले. भिंतीवर आता दोन रेघा होत्या, एक वर दादांची, एक खाली तिची. खालची मी घासून बघितली, साबण लावून, विटेच्या तुकड्यानं. गेली नाही.

आणि एके संध्याकाळी, दहावा महिना सरत आला असेल, मी दुकानातून येत होते. डोक्यात नोंदणीची सगळी कटकट होती, टाच घासतेय की नाही याचंही भान नव्हतं. कडीला हात लावणार तोच आतून हाक आली.

"माय, आलीस का?"

मी दारातच खाली बसले. "आले दादा, आले," म्हणत हुंदके देत राहिले. ते म्हणाले, "रडतीस काऊन? उशीर झाला म्हणून कुणी बोललं का?" मी त्यांचा हात धरून तोंडावर ओढून घेतला, त्याला तेलाचा वास होता. त्या दिवसापासून मी माय, आणि मालकीण ही मालकीण. पंधरा दिवस असे सुखाचे गेले.

काल म्हातारी आली. तिला माहीतच असणार, महिना कुठला ते. मी दादांच्या उशाशी उभी होते, ती उंबऱ्याबाहेर. मी वाट बघतच होते तिची.

"या खेपेला मी जाणार नाही मावशी," मी म्हटलं. "रिकामं करणार नाही. एक खिळा काढणार नाही. जायचं तर कोर्टात जा, पोलिसांत जा. मी कायदा टाइप करून करून बोटं झिजवलीत, मला सगळं माहीत आहे. हा माझा बाप आहे."

ती भिंतीकडं बघत राहिली, त्या दोन रेघांकडं. मग एक टाच घासत तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला.

दादांनी मान कलती केली.

"माय, आलीस का?"

"आले दादा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

दादांनी हात पुढं केला, उंबऱ्याकडं.